बॉम्बे गटाची दोन माणसं

कार्कळ
११ जून २०१८

भुजंगा,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडता परत धाडशील, म्हणून वरचा पत्ता पोस्टातल्या बाईंकडून लिहून घेतला आहे. रजिस्टर केलंय, पोचपावतीसकट. म्हणजे मिळालं नाही असं म्हणायला नको.

खुशाली विचारत नाही. अकरा वर्षं विचारली नाही, आज विचारली तर तुलाही ते खोटंच वाटेल. कामाचं लिहिते.

माझा उजवा खुबा गेला. काजूच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी उकिडवी बसून आणि निम्मी प्रतवारीच्या टेबलाशी उभं राहून. आता सांध्यातली गादी संपली आणि हाडावर हाड घासतं. न्हाणीत जायचं तर भिंत धरून जाते. मंगळूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर निसार म्हणून आहेत, उप्पिनंगडीचे ब्यारी मुसलमान, आपल्यासारखंच तुळू बोलतात. त्यांनी फोटो बघून सांगितलं, खुबा बदलायचा. मी म्हटलं, बदला. ते म्हणाले, "अम्मा, बदलायला मला दीड तास लागतो. तुमच्या रक्ताचं काय करू?"

मला ठाऊकच होतं. वनजाचं पहिलं मूल पोटातच गेलं, तेव्हा आपल्या सगळ्यांची तपासणी झाली होती. वनजा, तू आणि मी, तिघंच निघालो त्या बॉम्बे गटाचे. नाव मुंबईचं, आणि आपल्यातल्या एकानंही मुंबई पाहिलेली नाही. साध्या तपासणीत हे रक्त ओ दिसतं, पण ओ चढवलं तर माणूस जातो. याच गटाचं पाहिजे, दुसरं कुठलंही चालत नाही. दहा हजारांत एक मिळतो म्हणे.

डॉक्टरांनी विचारलं, "भाऊ-बहीण?"

"एक भाऊ आहे. शिवमोग्याला."

"येईल?"

"लिहून बघते," मी म्हटलं.

लिहिलंय. खुबा बदलताना अर्धा-पाऊण लिटर रक्त सहज जातं, कधी जास्तही. माझ्या अंगात मुळातच कमी आहे, साडेनऊ. एक पिशवी हाताशी असली तर ते हात घालतील. तू चोपन्नचा आहेस, तुला देता येतं.

वनजाच्या वेळेला मी आले नाही हे तू धरून बसला आहेस. ती तुझी बायको होती, पण त्याआधी मामाची मुलगी होती, माझ्याबरोबर एका चटईवर वाढलेली. तेव्हा मला ताप होता. एकशे तीन. तापातल्या माणसाचं रक्त घेत नाहीत, हे आता तरी कुठल्याही डॉक्टरला विचार.

जलजाक्षी

---

कार्कळ
२ जुलै २०१८

भुजंगा,

पोचपावती आली. तुझी सही आहे. आडनावाखाली रेघ ओढायची सवय अजून गेलेली नाही. बाकी काही आलं नाही.

मीही पुन्हा विचारायला लिहीत नाहीये. तुझ्यावाचून अडलेलं नाही, एवढं कळवायला लिहिते.

अठरा तारखेला डॉक्टरांकडे गेले आणि सांगितलं, भाऊ येत नाही. काही बोलतील असं वाटलं होतं, 'अरेरे' तरी म्हणतील. ते म्हणाले, "बरं. मग तुमचं रक्त तुमच्यातच ठेवायचं. आधी वाढवू, मग सांडू द्यायचं नाही. दोन महिने द्याल मला?"

भूल देणाऱ्या बाई आहेत, डॉक्टर शांतला. त्यांनी माझी पिशवी टेबलावर उलटी केली. औषधाच्या दुकानातून मी दुखण्याच्या गोळ्या आणते, त्या उचलून म्हणाल्या, "या कधीपासून?"

"चार वर्षं. दिवसाला दोन, कधी तीन."

"यांनी रक्त पातळ होतं आणि पोटातून थेंब थेंब जातं. तुमचं साडेनऊ कशानं झालं असं वाटलं तुम्हाला?"

गोळ्या बंद केल्या. त्या बंद झाल्यावर चार रात्री मी कशा काढल्या ते माझं मला माहीत. शिरेतून लोहाची बाटली दोनदा लावली, काळ्या चहासारखी दिसते. आठवड्याला एक इंजेक्शन दंडात, ते हाडातल्या मगजाला रक्त करायला लावतं. तपासणीला रक्त काढतात तेही लहान बाळांच्या नळीत. डॉक्टर शांतला म्हणतात, या बाईचा चमचाभरसुद्धा वाया घालवायचा नाही. तिथल्या एका पोरसवदा तंत्रज्ञानं सवयीनं मोठी नळी काढली, तर बाई सगळ्यांसमोर त्याच्यावर कडाडल्या. माझ्या रक्तासाठी कुणी भांडावं असा प्रसंग माझ्या आयुष्यात पहिलाच.

काल अकरा पॉइंट दोन झालं.

निरीक्षा आता अकरा वर्षांची होईल. कुठल्या शाळेत घातलीस ते मी विचारत नाही.

जलजाक्षी

---

कार्कळ
२२ जुलै २०१८

भुजंगा,

पोचपावतीवर पुन्हा तुझी सही. म्हणजे घेतोस. वाचतोस की पेटीत टाकतोस, देव जाणे.

परवा रक्त बारा पॉइंट आठ भरलं, आणि डॉक्टर निसार म्हणाले, "आता एक पिशवी काढून ठेवू. तुमचीच, तुमच्यासाठी. पस्तीस दिवस टिकते. त्याच्या आत शस्त्रक्रिया करू, तोवर अंगात पुन्हा भरेल."

रक्तपेढीत आडवं केलं. सुई टोचली आणि हातात रबरी चेंडू दिला. "दाबत राहा, सोडत राहा." पिशवी खाली एका पाळण्यात झुलत होती. मी मान वळवून बघत राहिले. किती वेळ लागला सांगू? नऊ मिनिटं. तिथल्या परिचारिकेनं साखर घातलेलं सरबत दिलं, बिस्किटं दिली, आणि म्हणाली, "झालं अम्मा. पहिल्यांदा दिलंत ना? घाबरायचं काही नसतं बघा."

मी उठून बसले आणि मला रडू आलं. ती बिचारी सुई दुखली का विचारत राहिली.

नऊ मिनिटं, भुजंगा.

जास्त लिहवत नाही.

जलजाक्षी

---

मंगळूर, दवाखान्यातून
१२ ऑगस्ट २०१८

भुजंगा,

उद्या सकाळी आठला आत नेणार. आजचं रक्त बारा पॉइंट नऊ. डॉक्टर म्हणतात भीती नाही. पण सही घेताना कागदावर मरणाचा शब्द असतोच, तो मी चष्मा लावून वाचला.

घाटात दरड आली आहे, रस्ता बंद आहे असं इथे सगळे बोलतात. तुला कारण पाहिजे असेल तर हे घे. चांगलं आहे, माझ्या तापापेक्षा खरं आहे.

तो ताप. वर आलाच आहे तर लिहिते.

त्या दिवशी सकाळी साडेदहाला मंगळूरहून कारखान्याच्या कचेरीत फोन आला. कारकुनानं हाक मारली. तू ओरडत होतास. "अक्का, मुलगी झाली, पण वनजाचं रक्त थांबत नाही. माझी एक पिशवी घेतली, आणखी पाहिजे. मी गाडी पाठवतो, तू फाटकापाशी येऊन थांब." मी म्हटलं, "मला ताप आहे." तू म्हणालास, "ताप आहे तर कामावर कशी?" मी म्हटलं, "उतरला की येते." दुपारी पुन्हा फोन आला तेव्हा मी कारकुनाला सांगितलं, घरी गेली म्हणून सांग. आणि टेबलाशी उभी राहून अख्खा काजू वेगळा, तुकडा वेगळा करत राहिले.

संध्याकाळी सुटी झाल्यावर मात्र मी मंगळूरची बस धरली आणि दवाखान्यापर्यंत आले, पण तोवर सगळं आटोपलं होतं.

हे वरचं वाक्य खोटं आहे. खोडलं तर कागद घाण दिसेल, म्हणून राहू देते. मी बस धरली नाही. मी घरी गेले, तांदळाची गंजी शिजवली आणि लोणच्याबरोबर खाल्ली. ताप नव्हता, भुजंगा. एकशे तीन नव्हता, नव्व्याण्णवही नव्हता.

का, ते तुला माहीत आहे, आणि तू कधी तोंडातून काढलं नाहीस. डोहाळजेवणाच्या दिवशी पहाटे चारपासून मी तुझ्या चुलीपुढे होते. दोनशे माणसांचं रांधलं. वनजाच्या केसांत फुलं माळायची वेळ आली तशी मी हात धुऊन, साडीला पुसत बाहेर आले. मामी म्हणाली, "तू कशाला पुढे येतेस? नवरा गेलेल्या बाईनं आज हात लावू नये." मी वनजाकडे बघितलं. तिनं खाली मान घातली. मी तुझ्याकडे बघितलं. आपली आई गेल्यावर तुला कडेवर घेऊन मी शाळेच्या बाहेर उभी राहिले आहे, माझी शाळा सोडून. तू म्हणालास, "अक्का, तू आतलं बघ. पायस लागेल खाली."

पायस लागलं नाही. मी ढवळलं.

नऊ आठवड्यांनी तुझा फोन आला. आत मला वाटलं, आता कसा माझा हात चालतो? एवढंच वाटलं. ती मरेल असं वाटलं नव्हतं. मंगळूर मोठं शहर आहे, कुणाचं तरी मिळेल, मी जराशी अडून बसले तर काय झालं, त्यांना कळू दे. मला त्यांना कळवायचं होतं.

वनजानं मान खाली घातली होती तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. ते मला तेव्हाही दिसलं होतं.

उद्या मी गेले तर घरातली दोन भांडी आणि शिवणयंत्र निरीक्षाला दे. नको म्हणाली तर शेजारी देऊन टाक.

जलजाक्षी

---

कार्कळ
२५ ऑगस्ट २०१८

भुजंगा,

गेले नाही. कुबड्या घेऊन घरी आले आहे. शेजारची लीलावती दोन वेळचं जेवण देते, बोलते फार.

तू आला नाहीस. दारावर कुणी आलं की मान वळायची, हे मान्य करते. पाचव्या दिवशी मान वळायची थांबली.

पाठीत सुई देऊन कमरेखाली बधिर केलं होतं. समोर हिरवा पडदा. डॉक्टर शांतला उशाशी बसून रक्तदाब मुद्दाम खाली धरून होत्या, कमी दाबानं कमी सांडतं. चीर घ्यायच्या आधी शिरेतून एक औषध दिलं. गुठळी झाली की शरीर ती विरघळवायला बघतं, हे औषध विरघळू देत नाही. तेच पुन्हा शेवटी सांध्यात ओतलं. डॉक्टर निसार एकेक बारीक शीर शोधून डागत होते. जळका वास येत होता, काजूचं टरफल भाजल्यावर येतो त्याच्या जवळचा. सांडेल ते शोषून, धुऊन परत देणारं यंत्रही लावून ठेवलेलं.

लिली म्हणून तिथली सिस्टर. रक्तानं भिजलेला प्रत्येक कापडी बोळा ती काट्यावर ठेवायची आणि मोठ्यानं आकडा सांगायची. "पस्तीस. अठ्ठावन्न. बेचाळीस." मी मनात बेरीज करत होते, एकतीस वर्षांची खोड. पाचव्या बोळ्याला मला राहवलं नाही. मी पडद्याआडून विचारलं, "सिस्टर, कोऱ्याचं वजन वजा केलंत का?"

सगळे एकदम थांबले. डॉक्टर निसार म्हणाले, "अम्मा, तुम्ही ऐकताय होय?"

"कान कुठे बधिर केलेत तुम्ही?"

सिस्टर लिली म्हणाली, "वजा करूनच सांगते, बाई. बावीस वर्षं हेच करते." मग सगळे हसले. मीही हसले. मग हातोड्याचा आवाज सुरू झाला आणि मी डोळे मिटले.

सगळं मिळून दोनशे ऐंशी मिलिलिटर. पिशवी लागली नाही. माझी स्वतःची राखून ठेवलेली, तीही नाही.

दुसऱ्या दिवशी मला चालवलं. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "ती पिशवी आता कुणाला द्याल?"

डॉक्टर म्हणाले, "नाही देता येत. स्वतःसाठी काढलेलं दुसऱ्याला चढवत नाहीत, नियम आहे. तुम्हाला लागलंच तर म्हणून मुदतीपर्यंत ठेवतील."

काल मुदत संपली. मी रक्तपेढीत फोन करून विचारलं. टाकून दिली, म्हणाले. पिवळ्या थैलीत घालून जाळायला पाठवतात.

डॉक्टर निसारांना मी सगळं सांगितलं, वनजाचं. ते म्हणाले, "बाळंतपणातलं रक्त वेगळं असतं अम्मा, धो धो जातं. एका पिशवीनं त्या वाचल्या असत्या असं मी सांगू शकत नाही. नसत्या वाचल्या असंही सांगू शकत नाही." मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलले असते तर चाललं असतं. बोलले नाहीत.

निरीक्षाचं रक्त तपासून घे. तुम्ही दोघंही या गटाचे, म्हणजे ती याच गटाची असणार. तिला पाळी सुरू झाली की लोहावर लक्ष ठेव. पुढे लग्न, बाळंतपण, काहीही असो, आधी दोन महिने तयारी करणारा डॉक्टर शोध. असे डॉक्टर असतात, मी बघून आले.

रक्तपेढीच्या यादीत नाव घातलं आहे. शस्त्रक्रियेनंतर वर्षभर घेत नाहीत. मग बोलावतील.

जलजाक्षी

---

कार्कळ
२४ नोव्हेंबर २०१९

भुजंगा,

हे रजिस्टर करत नाही. साध्या टपालानं घालते.

मागच्या बुधवारी मला फोन आला तसाच तुलाही आला असणार. पुत्तूरचे निवृत्त तहसीलदार, वय बहात्तर. कुठल्याशा लहान दवाखान्यात दोन्ही गुडघे एका दिवसात बदलले. आधी रक्त वाढवलं नाही, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालूच होत्या, गट ओ म्हणून लिहिलेला. दुसऱ्या दिवशी रक्त साडेपाचवर आलं तेव्हा चढवायला गेले आणि जुळेना. मग धावत मंगळूरला आणलं. डॉक्टर निसार इतके चिडलेले मी पहिल्यांदा बघितले. "दहा पैशांची अक्कल वापरली असती तर या म्हाताऱ्याला कुणाच्याही रक्ताची गरज पडली नसती," म्हणाले.

मी सकाळच्या बसनं गेले. काठी घेऊन, पण चालत. वाटेत त्या तहसीलदारांना बघून आले. एवढं होऊनही कॉफी पांचट आहे म्हणून सुनेला झापत होते. अशा माणसासाठी मी पहिल्या हाकेला उठून आले होते.

रक्तपेढीत गेले तर शेजारच्या खाटेवर तू. केस पांढरे झालेत. डाव्या हाताला सुई लावून झाली होती. मला बघून तुझी मूठ चेंडूवर थांबली, तसं ते यंत्र पी पी करायला लागलं. सिस्टर म्हणाली, "दाबत राहा शेट्टी, दाबत राहा. नवव्यांदा देताय आणि अजून सांगावं लागतं?"

नवव्यांदा. मला माहीत नव्हतं. दोन हजार सातपासून तू यादीत आहेस आणि घाट उतरून येतोस, हे तिनं मला आडवं करता करता सांगितलं. मग कागद बघून म्हणाली, "अय्यो, तुम्हीही शेट्टी, तुम्हीही याच गटाच्या. नात्यात काय एकमेकांच्या?"

मी तुझ्याकडे बघितलं. तू छताकडे बघत म्हणालास, "सिस्टर, मधला पडदा ओढा."

तिनं ओढला.

पडद्याच्या या बाजूला मी चेंडू दाबत होते, त्या बाजूला तू. तुझ्या श्वासात मध्येच शीळ वाजते, लहानपणी दमा होता तेव्हा वाजायची तशी. मी चार मिनिटं धीर धरला. मग म्हटलं, "पत्रं वाचलीस?"

पलीकडून चेंडू दाबल्याचा आवाज येत राहिला.

"ताप नव्हता, भुजंगा."

"ठाऊक होतं," तू म्हणालास. "त्याच दिवशी. दुपारी गाडीवाला तुझ्या फाटकापाशी येऊन तुला कामाला लागलेली बघून परत आला होता."

बारा वर्षं तुला ठाऊक होतं, आणि माझं खोटं तू चालू दिलंस.

मी विचारलं, "निरीक्षा?"

"याच गटाची," तू म्हणालास. "लोह चालू आहे." मग तुझी पिशवी भरली, सुई निघाली. पंधरा मिनिटं पडून राहा म्हणून सिस्टर ओरडत असताना तू उठून गेलास. सरबतही घेतलं नाहीस. ते मी घेतलं, दोन्ही पेले.

तहसीलदार वाचले. काल घरी सोडलं. तुलाही कळवलं असेल.

पुरुषांना तीन महिन्यांनी देता येतं, बायकांना चार. म्हणजे कधी तू एकटा येशील, कधी मी, आणि कधी दोघांना एकदम बोलावतील. बोलावलं की मी येणार. तू आधी पोचलास तर ठीक. मी आधी पोचले तर पडदा ओढून घ्यायला मीच सांगेन, तुला बोलावं लागणार नाही.

जलजाक्षी